सागाच्या दारांचा टॅक्स

नोटीस आली तेव्हा लोटन आप्पा पाटील दारांना तेल लावत होते.

नंदुरबार स्टेशनापासून हाकेवर त्यांची बारा खोल्यांची चाळ. म्हणजे बारा दारं. दिवाळी जवळ आली की आप्पा जवसाच्या तेलात कापड बुडवत आणि एकेका दाराला असं चोळत, की बघणाऱ्याला वाटावं, तान्हं लेकरू बाहेर आणून उन्हात शेकतायत. दारं सागाची होती. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस नंदुरबारात उरला नव्हता, कारण आप्पांनी तो उरू दिला नव्हता. साग धडगावच्या वरच्या रानातला. सरकारी लिलावात घेतला, बैलगाड्यांनी घाट उतरवला आणि अक्कलकुव्याच्या सुतारापुढे घोंगडी टाकून, स्वतः बसून दारं करवून घेतली. कापसाला भाव आला त्या वर्षी कुणी सोनं केलं, कुणी दुसरं लग्न केलं. आप्पांनी दारं केली, आणि मग दारांना शोभतील अशा खोल्या बांधल्या.

पोस्टमनने सही घेतली आणि पाकीट हातात ठेवलं. पाकीट इंग्रजी. आप्पा ते घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार रिखबचंद शेठांना इंग्रजी येत नव्हतं, पण काही पाकिटं वाचावी लागत नाहीत. शेठांनी ते लांबूनच ओळखलं.

"हाई इन्कमटॅक्सनं शे, आप्पा. मन्हा दुकानमा उघडू नका," ते म्हणाले, आणि पाकिटावरची माशी उडून आपल्याकडे येऊ नये म्हणून गुळाच्या ढेपेवर त्यांनी फडकं टाकलं.

दुसरा एखादा घाबरला असता. आप्पांची छाती मात्र चार बोटं वर आली. धुळ्याच्या कचेरीत, जिथे त्यांचं पाऊलही कधी पडलं नव्हतं, तिथे त्यांच्या खोल्यांचं नाव निघालं होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला, भिकुबाईंना, सांगितलं, "साहेब लोकेसले बी आपला खोल्यास्नी खबर लागनी."

"खबर फुकट लागनी," भिकुबाई म्हणाल्या. "आते पैसा कितला लागतीन ते सांगा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी चाळभर झाली आणि सल्ल्यांची रांग लागली. एकाने आप्पांना आजारी पडायला सांगितलं. एकाने सांगितलं की चाळ देवाच्या नावावर करा, देवाला नोटीस येत नाही. पण सगळ्यांत पटण्यासारखं बोलला तो तिसऱ्या खोलीतला रेवजी शिंपी. त्याने तोंडातली सुई काढली, हे तो महत्त्वाच्या वेळीच करत असे, आणि म्हणाला, "आप्पा, शेतीले टॅक्स नही ना? मंग एक खोलीमा चारा भरा आनि म्हैस बांधा. खोली शेती व्हई जास."

यात आप्पांना तरी चूक दिसेना. पाचवी खोली रिकामीच होती. तिथे चारा भरला आणि भिकुबाईंची म्हैस आत नेली. ही म्हैस भिकुबाईंच्या माहेरची. घरात तिचा मान आप्पांच्या एक पायरी वर. शिंगं तिरकी करून ती दारातून आत शिरली, फरशीवर बसली, आणि तिला ते फार आवडलं. खालची फरशी गार, वर कौलं, भिंतींना पांढरा चुना. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी तिला तिच्या लायकीची जागा दिली होती. दुसऱ्या दिवशी पाण्यावर न्यायला गेले तर ती उठेना. तिसऱ्या दिवशीही उठेना. पाणी आत न्यावं लागलं. आप्पांच्या चाळीतून आजवर कुणी भाडेकरू बाहेर निघाला नव्हता. म्हैस तरी का निघावी?

शेवटी रिखबचंद शेठांनीच माणूस सुचवला. धुळ्याचे धर्मचंदजी. व्यापाऱ्यांची इन्कमटॅक्सची कामं करणारे, साहेबांपुढे उभं राहून बोलणारे. ते मोटारीने आले. धुळीने काळा कोट पांढरा झालेला, काखेत छत्री, पायांत कुरकुरणारे बूट. "काम झाल्यावर पन्नास रुपये," ते म्हणाले. "आधी पैसा घेत नाही. नंतर सोडत नाही." हे वाक्य त्यांनी पुष्कळ ठिकाणी म्हटलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं. आप्पांनी मोठ्या मनाने हात हलवला. पन्नास म्हणजे काय, एका दाराचं बिजागऱ्यांसकट मोल.

पहिल्या खोलीत छबूबाईची खानावळ होती. तिने पाहुण्यासाठी पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि कुणालाही जेवायला वाढण्याआधी ती जे विचारत असे तेच विचारलं, "पाव्हना, तुमनं सासर कोनतं?"

"बहीन, ते कामकरता येल शेतस," आप्पांनी तिला दटावलं. "सोयरिक जोडाले नही." धर्मचंदजींनीही घड्याळ बघितलं. सूर्य मावळल्यावर ते जेवत नसत, आणि बोलण्यात वेळ घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "आता एकेक खोली सांगा. पहिली. छबूबाई. भाडं?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "छबूबाई आमच्या निंबवाड्याची," ते म्हणाले. कचेरीच्या माणसाशी ते कचेरीची मराठी बोलत. "गावची लेक. लेकीकडून कुणी भाडं घेतं? उलट आखाजीच्या सणाला लुगडं मी देतो."

"बरं. दुसरी?"

"दलसिंग. रेल्वेत आहे. त्याच्या बायकोने मला राखी बांधली."

"कधी?"

"भाडं मागायला गेलो त्या दिवशी."

धर्मचंदजींनी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. रेवजी शिंपी भाड्यात कपडे शिवत असे, आणि आप्पांच्या घरात पोरं वाढत गेल्याने उलट आप्पाच रेवजीचं देणं लागत होते. चौथ्या खोलीतल्या मास्तरांनी आप्पांच्या मुलाला पाढे शिकवले होते, तेव्हा ते गुरू झाले. पाचवीत म्हैस. सहावी व्याह्यांसाठी कुलूप लावून ठेवलेली. व्याही गाडीने येतात, आणि गाडी चुकली की राहतात. पुढच्या खोल्यांतही कुठे निंबवाड्याची लेक, कुठे निंबवाड्याच्या लेकीची जाऊ. बाराव्या खोलीतला एकजण मात्र वेळच्या वेळी भाडं देत होता. त्याचं नाव सांगताना आप्पांचा आवाज जरा पडला. "तो परका आहे हो. कुठलं नातंच निघत नाही बिचाऱ्याचं."

"पाटीलजी," धर्मचंदजी हळूच म्हणाले, "तुम्हाला उत्पन्नच नाही."

आप्पांना हे लागलं. चारचौघांत कुणी त्यांना असं म्हटलं नव्हतं. पण धर्मचंदजींचं बोलणं संपलं नव्हतं. "पण अडचण अशी आहे की घराच्या बाबतीत सरकार मिळालेलं भाडं बघत नाही. खोलीला भाडं यावं किती, ते बघतं. तुम्ही घ्या, नका घेऊ. खोली चांगली, तर टॅक्स चांगला."

आप्पांनी त्यांना हे पुन्हा सांगायला लावलं. मग ते उठून ओट्यावर दोन फेऱ्या मारून आले. इतकी वर्षं लोक त्यांना म्हणत होते की आप्पा, खोल्यांतून तुम्हाला मिळतं काय. आणि इथे विलायतेत बसून कुणी एक कायदा लिहिला होता, जो म्हणत होता की मिळण्याचं सोडा, खोल्या आहेत कशा ते बोला. "कायदा लिहिणारा माणूस घरंदाज असणार," आप्पा म्हणाले.

"तो घरंदाज असेल, पण टॅक्स तुम्हाला बसेल," धर्मचंदजी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात साहेबांचा मुक्काम इथल्या सरकारी बंगल्यावर आहे. ते खोल्या बघायला येतील. सरकारने एक रेघ आखली आहे. तिच्या खाली राहिलात तर टॅक्स नाही. म्हणून खोल्या वाईट दिसल्या पाहिजेत. दारं तर फारच वाईट. हे जमत नसेल तर दुसरा रस्ता सरळ आहे. सगळ्यांकडून भाडं घ्या, छबूबाईपासून सुरुवात करा, आणि त्यातून टॅक्स भरा."

चाळीच्या भिंती दारांइतक्या जाड नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईची चूल पेटली नाही. आप्पा गेले तर पाटा-वरवंटा, परात, पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर, सगळं ओट्यावर येऊन बसलेलं आणि ती गाठोडं बांधत होती.

"काय करी ऱ्हायनी?"

"आप्पा, भाऊले भार व्हई अशी बहीन मी नही," छबूबाई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. गाठ मारत राहिली, आणि गाठ पुन्हा पुन्हा सुटत राहिली.

आप्पा दाराला टेकून उभे राहिले. तेल लावलेल्या सागाचा वास येत होता. या दाराने छबूबाईला आत घेतलं तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू पुसून महिनाही झाला नव्हता. तिच्या हातात हेच खापर होतं, दुसरं काही नव्हतं. "चूल पेटाड," ते म्हणाले. "दारं वाईट करू. अंडेरनं, गावनी लेकनं, भाडं लेवानं नही."

आणि मग लोटन आप्पांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्या दारांना शेण लावलं. वर राख फासली. रेवजीने जुनी चिरगुटं आणून चौकटीत कोंबली, दलसिंगच्या बायकोने तुळईवरची जाळी न काढता तशीच ठेवली, आणि हे आपण कर्तव्य म्हणून करतोय असं सांगितलं. एकेका दारापुढे आप्पा थांबत, हात पुढे नेत, मागे घेत, पुन्हा पुढे नेत. ते बघून छबूबाई पुरण वाटता वाटता गायला लागली. तिच्या गळ्यात आखाजीच्या झोक्यावरचं गाणं अजून तसंच होतं, शब्द मात्र ती जागच्या जागी जोडत असे.

"मन्हा भाऊन्या खोल्या गं, सागना त्यासले दार,
राख लाई तोंडले, दारं रडतस चार.
चार काय बारा गं, रडू नका माय,
साहेब जाई गाडीवर, तेलमा धुसू पाय."

"पाय कोनना, साहेबना?" भिकुबाईंनी आतून विचारलं. चाळ हसली. आप्पाही हसले, पण त्यांचं तोंड दाराकडे होतं.

साहेब आले ते सकाळीच. पुण्याकडचे, किरकोळ अंगाचे, शांत. धर्मचंदजींनी सगळं ठरवून ठेवलं होतं. आप्पांच्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हाताने मोठं पान घातलं. "चावायचं नाही, थुंकायचं नाही, बोलायचं नाही." आप्पांनी मान हलवली. एका गालाला गळू आल्यासारखे ते साहेबांच्या मागे चालू लागले.

धर्मचंदजी सुंदर बोलले. आप्पांना ते कबूल करावंच लागलं. कौलं गळतात म्हणाले, ओल येते म्हणाले, उंदीर तर असे वर्णिले की साहेबांनी पाय उचलून ठेवला. आप्पा एकेक शब्द पानाबरोबर गालात साठवत होते. पाचवं दार ढकललं तेव्हा आतून म्हशीने साहेबांकडे अशा नजरेने बघितलं, की न विचारता आलात कसे.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"शेतीचं उत्पन्न," धर्मचंदजी म्हणाले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दार ओढून घेतलं. पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी दारावर टकटक केलं. "आंब्याचं लाकूड दिसतंय. वाळवी लागलेलं. असल्या जागेत राहणार कोण? ज्याला गावात कुठे थारा नाही, तो."

पहिल्या खोलीच्या दारात छबूबाई पदर धरून उभी होती. तिने पदर जरा पुढे ओढला.

आप्पांनी पान गिळलं. पूर्ण. चुना, कात, सुपारी, सगळं. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, पण आवाज निघाला तो खणखणीत. "साहेब, आंबा? हा साग आहे. धडगावच्या वरच्या रानातला."

धर्मचंदजींनी छत्री उघडली. ऊन नव्हतं. फक्त त्यांना आडोसा हवा होता.

पुढे आप्पा थांबले नाहीत. धोतराच्या सोग्याने त्यांनी दारावरचं शेण पुसलं आणि सागाच्या रेषा साहेबांना बोटाने दाखवल्या. कौलांतून पाण्याचा एक थेंब आत येत नाही, हवं तर चार घागरी ओतून बघा. उंदीर? उंदराला शिरायला फट कुठे आहे ते दाखवा. "आणि राहणाऱ्यांचं म्हणाल तर इथे थारा नसलेलं कुणी राहत नाही. या खोलीत माझी बहीण राहते. त्या खोलीत माझी बहीण राहते. तिथे गुरुजी राहतात. अशी चाळ धुळ्यात असेल तर दाखवा."

"मग अशा खोलीला भाडं किती यावं?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

आप्पांनी आकडा सांगितला. तो ऐकून बाराव्या खोलीतला परका माणूस दोन पावलं मागे सरला. सरकारच्या रेघेवरून तो आकडा कापसाच्या गाडीसारखा डुलत डुलत पलीकडे गेला. साहेबांनी लिहून घेतला. जाताना मात्र त्यांनी त्या दारावरून एकदा हात फिरवला, आणि आप्पांना वाटलं, टॅक्स वसूल झाला.

घरात असं कुणाला वाटलं नाही. रात्री भिकुबाईंनी आप्पांपुढे कोरडी भाकरी ठेवली, आणि तेवढ्यात सगळं आलं. सकाळी त्यांनीच म्हशीपुढचा चारा काढून घेतला. "इका तिले," त्या म्हणाल्या. "छबूबाईले भाडं मांगश्यात ते मी माहेर जासू. खापर गावना बजारले न्या. आनि तुमनं तोंड बी कोन इकत लेस का, ते इचारी या." चारा संपल्यावर म्हैस आपणहून बाहेर आली, शिंगं तिरकी करून, पाहुणचार कमी पडल्यावर पाहुण्याने निघावं तशी. तिच्या पैशात सरकारचा हुकूम फिटला आणि वर थोडे उरले. त्या उरलेल्यांकडे धर्मचंदजींची नजर होती.

"माझे पन्नास," ते म्हणाले. ते खास त्यासाठी पुन्हा मोटारीने आले होते. "मी तुम्हाला रेघेखाली ठेवलं होतं. तुम्हीच उडी मारलीत. फी फीच्या जागी."

"फी देणार," आप्पा म्हणाले. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी कमरेचा पैशांचा कसा सोडायला घेतला. छबूबाईने पाट मांडला, तांब्या ठेवला. आता कामाची घाई नव्हती, आप्पाही दटावत नव्हते. "पाव्हना, तवय इचारं ते ऱ्हाई गयं. तुमनं सासर कोनतं?"

"निंबवाडं," धर्मचंदजी म्हणाले. "रूपचंद शेठांची जतन, ती माझी बायको."

परात छबूबाईच्या हातातून सुटली. "जतन? मन्ही जतन? आमीन एकच झोकावर बठूत."

आप्पांनी कसा पुन्हा बांधला. सावकाश, दोन गाठी मारून. त्यांचा चेहरा असा उजळला, की धर्मचंदजी मनात चरकले.

"तुम्ही आमच्या गावचे जावई," आप्पा म्हणाले.

"असेन. फी..."

"जवाईबापू." आप्पांचा आवाज दुखावलेला होता. "जावयाच्या हातावर मजुरी ठेवू? पाटलाने? निंबवाड्यात जतनच्या बापाला हे कळलं तर तो काय म्हणेल?"

"तो म्हणेल, मोजून घे," धर्मचंदजी म्हणाले. पण ऐकायला कुणी नव्हतं. रेवजी फेटा बांधायला आला होता. भिकुबाई, ज्यांनी म्हैस गेल्यापासून गोडाचं नाव काढलं नव्हतं, त्यांनी डाळ शिजत घातली. छबूबाईने खापर चुलीवर पालथं घातलं आणि हातावर पोळी अशी मोठी केली, की खापराला ती लुगड्यासारखी नेसवता यावी. सूर्य मावळायच्या आत धर्मचंदजी जेवले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, समोर तुपाची वाटी. चौथ्या पोळीला त्यांनी फीचा विषय काढायचा प्रयत्न केला, तेव्हा तोंडात पाचवी होती.

"आणि एक," आप्पा म्हणाले. "म्हैस गेली, पाचवी खोली रिकामी आहे. नंदुरबारला याल तेव्हा तुमची. भाड्याचं नाव काढलंत तर मी जेवणार नाही."

धर्मचंदजी खोली बघायला गेले ते फक्त मान राखायला. पण फरशी गार होती, वर कौलं, भिंतींना नवा चुना. म्हशीला कळलेली गोष्ट त्यांनाही कळायला वेळ लागला नाही. आधी ते महिन्याने येत, मग आठवड्याने. मग गादी-तक्क्या आला, जतनबाई आल्या, आणि दारावर पितळेची पाटी लागली. नंदुरबारचे व्यापारी तिथे बूट काढून बसू लागले, रिखबचंद शेठही, मागच्या बाजूने. दिवाळीआधी आप्पा तेलाचं कापड घेऊन पाचव्या दाराशी गेले, तर दार आधीच चकाकत होतं आणि धर्मचंदजी कोट काढून बिजागऱ्या पुसत होते.

वर्ष फिरलं. साहेबांचा मुक्काम पुन्हा सरकारी बंगल्यावर पडला. भिकुबाईंनी मधल्या काळात नवी म्हैस घेतली होती, आणि आप्पांना तिच्या शिंगांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की यंदा तोंड उघडायचं नाही. दारांना पुन्हा शेण-राख लागली. आप्पांनी स्वतःच पान लावलं आणि स्वतःच तोंडात ठेवलं. दुसरं पान त्यांनी का कोण जाणे, डब्यात तयार ठेवलं.

साहेब आले. धर्मचंदजी कौलांबद्दल बोलले, ओलीबद्दल बोलले, उंदीर या वर्षी त्यांनी जरा लहान केले. आप्पांनी हूं की चूं केलं नाही. फिरत फिरत सगळे पाचव्या दारापाशी आले. साहेबांनी पितळेची पाटी वाचली, मग पेन्सिलीच्या टोकाने दारावर टकटक केलं.

"पाटी चांगली आहे," ते म्हणाले. "पण दार साधंच. मागच्या खेपेला आंब्याचं म्हणालो होतो, तेच बरोबर होतं वाटतं."

आत गादीवर दोन व्यापारी बसले होते. त्यांनी मान वर केली. धर्मचंदजींनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आप्पांकडे पाहिलं, आणि आप्पा फक्त पान गालात धरून उभे राहिले, शांत, तृप्त.

"साग आहे, साहेब," धर्मचंदजी म्हणाले. "धडगावच्या वरच्या रानातला."

मागच्या अंगणात भिकुबाई उठल्या आणि कुणी न सांगताच म्हशीचं दावं सोडायला गेल्या. आप्पांनी डबा उघडला आणि ते दुसरं पान धर्मचंदजींपुढे धरलं. तोंड भरलेलं होतं म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं, पण जावयाचा मान त्यांच्या हातात नीट दिसत होता.